चार धोंड्याचे महिने

कल्याण, पौष वद्य अष्टमी, शके १८०५
(२० जानेवारी १८८४)

चिरंजीव मधुसूदन,

चिरंजीव हा शब्द लिहायला हात धजत नव्हता. टाक दौतीत बुडवून बराच वेळ नुसता बसलो. अखेर लिहिला, कारण तुझं पत्र समोर आहे आणि अक्षर तुझंच आहे. इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नाही.

मोरिशसचा शिक्का असलेलं ते पत्र परवा आपल्या गड्यानं, धाकूनं, पोस्टातून आणून दिलं. तू जिवंत आहेस, साखरेच्या कारखान्यात कारकून आहेस, हे वाचलं. पहिली सहा वर्षं पत्र लिहायची लाज वाटली, आणि पुढची सहा वर्षं इतका उशीर झाल्याची लाज वाटली, असं तू लिहितोस. तुझा स्वभाव पाहता हे मला खरं वाटतं. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालास तेव्हा मी तुला भर वर्गात बोललो होतो. त्यानंतर तू गेलास, आणि एडनहून एक पत्र टाकलंस. ते माघ महिन्यातलं होतं, शके १७९३.

तू चार गोष्टी विचारल्या आहेस. मी अजून मुलांना रोमन लोकांच्या गोष्टी सांगून छळतो का, आई कशी आहे, शिमग्यानंतरच्या बोटीनं घरी आलास तर चालेल का. आणि अगदी खाली, कागद संपत आला असताना, रखमा कशी आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय. सोमवारी आगगाडीनं ठाण्याच्या शाळेत जातो, शनिवारी परततो, आणि मधल्या दिवसांत तेच रोम. आता तर त्या लोकांच्या चमत्कारिक हकिकतींचं एक पुस्तक लिहितो आहे. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, मास्तर, मुलांना इतिहास कडू लागतो, जरा गूळ लावा. गूळ पुष्कळ आहे. रोमन लोक लढाईपूर्वी पाळलेल्या कोंबड्यांना दाणे टाकत. त्या हावरेपणानं खाऊ लागल्या की शकुन चांगला. क्लॉडियस नावाच्या सेनापतीच्या गलबतावरच्या कोंबड्या काही केल्या खाईनात. तो म्हणाला, खात नाहीत तर पिऊ द्या, आणि सगळ्या समुद्रात फेकून दिल्या. लढाईत त्याची नव्वदांवर जहाजं गेली. मुलं विचारतात, कोंबड्यांचं पुढे काय झालं? तेवढं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

क्रॅसस नावाच्या एका बड्या गृहस्थानं तळ्यात वाम पाळली होती, आपल्या खाडीत असते तसली. तिच्या अंगावर दागिने घालायचा. ती मेली तेव्हा त्यानं सुतकाचे कपडे केले आणि ढसाढसा रडला. भर सभेत एकानं त्याची टर उडवली, तेव्हा क्रॅसस म्हणाला, तुम्ही तीन बायका पोचवल्यात आणि एकीसाठीही डोळ्यांत पाणी आणलं नाहीत. यावर मुलं फार हसतात.

आणि एक गंमत. त्या काळचा एक ग्रीक खलाशी लिहितो की कल्याण बंदरात चुकून शिरलेलं परकं जहाज पहारा बसवून थेट भडोचला रवाना करतात. म्हणजे बाहेरून आलेल्याला दारातच अडवायची आपल्या गावाची रीत अठराशे वर्षांची जुनी आहे.

आता घरचं. आई पाच वर्षांपूर्वी गेली. माझी मुलगी शेवंती, जिला तू पाहिलेली नाहीस, तिचं मार्गशीर्षात ठाण्याच्या एका चांगल्या घरात लग्न झालं. रखमा बरी आहे. सोवळ्याचा स्वयंपाक तीच करते. तुझं पत्र आल्याचं मी तिला सांगितलेलं नाही.

घरी यायची घाई करू नकोस. बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याचं आपल्यात काय करतात, हे तुला ठाऊक आहे. तुझं आम्ही आश्विन वद्यात केलं.

थंडी आहे. तिकडे बहुधा नसेल.

तुझा भाऊ
हरिहर

—

कल्याण, माघ शुद्ध पंचमी

मधुसूदन,

पहिलं पत्र बोटीवर चढलं असेल-नसेल, तोवर हे दुसरं लिहितो आहे. आश्विनात काय केलं ते नीट सांगितलं नाही, असं वाटत राहिलं.

खडवलीच्या रानातून धाकूनं पळसाची तीनशे साठ पानं आणली. त्यांचा देह मांडला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. कुठे किती पानं लावायची हे परशुरामभट पोथीत पाहून सांगत होते. धाकू लांब उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, “मास्तर, ह्याच्यात मानूस कंचा?” मी म्हटलं, आमचा मधू. तो म्हणाला, “मधूदादा तं उंच व्हता.” मग अग्नी दिला. मी दहा दिवसांचं सुतक धरलं, नदीवर जाऊन सगळं यथासांग केलं. रखमाच्या बांगड्या, कुंकू, केस, यांचंही रीतीप्रमाणे झालं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आजही सव्वीसच आहे.

ठाण्याच्या व्याह्यांनी शेवंतीला बघतानाच विचारलं होतं, धाकटे बंधू कुठे असतात? समुद्रापलीकडे गेलेला माणूस जिवंत असेल तर तो कधी परत येईल, पंक्तीला कोणाच्या बसेल, काही भरवसा नाही. वारलेला असेल तर प्रश्नच उरत नाही. त्यांनी हे इतक्या सभ्यपणे सांगितलं की मला सुपारी पुढे करावी लागली. मार्गशीर्षातला मुहूर्त टळला असता तर दुसरी मुलगी त्यांच्या नजरेत होती.

परवा मी परशुरामभटांना सहज विचारल्यासारखं विचारलं, असा माणूस परत आला तर हो? त्यांना विषय आवडला. पोथी काढून बसले. त्याला तुपाच्या घागरीत बसवून बाहेर काढायचं, न्हाऊ घालायचं, म्हणजे तो जन्मला. मग बारसं, मग मुंज, मग लग्न. आणि बायको हयात असेल तर तिच्याशीच पुन्हा. तोवर ती विधवाच. मी म्हटलं, भटजी, रोमन लोकांतही थेट असंच होतं. परदेशी मेल्याची खबर आलेला माणूस घरी परतला तर त्याला दारातून आत येता येत नसे. छपरावर चढून वरून घरात उतरावं लागे. परशुरामभट म्हणाले, “म्लेंच्छ झाले तरी डोकं होतं त्यांना.”

तेव्हा तू आलास तर इतकं सगळं होईल. ठाण्याचे व्याही काय करतील ते सांगता येत नाही. आणि तू आला नाहीस, तर रखमा आहे तशीच राहील.

आज पुस्तकातलं पंचांगाचं प्रकरण लिहिलं. आपल्यासारखाच रोमन लोकांनाही मध्येच एखादा महिना जादा घालावा लागे. तो कधी घालायचा हे त्यांचे भटजी ठरवत. आपला माणूस अधिकारावर असला की महिना घालून त्याचं वर्ष लांबवायचे, आणि नावडता असला की महिना गाळून टाकायचे. असं करत करत सुगीचा सण सुगीत येईना, हिवाळा कुठल्या कुठे गेला. सीझरनं अखेर एक वर्ष चारशे पंचेचाळीस दिवसांचं केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्या वर्षाला लोक गोंधळाचं वर्ष म्हणत.

हे प्रकरण मी तीनदा लिहून तीनदा फाडलं. कारण सांगतो. बारा वर्षं म्हणजे एकशे चव्वेचाळीस महिने. तुझ्या पत्रापासून मी महिने मोजले, आणि मध्ये आलेले अधिक महिनेही मोजणीत धरले. ते धरायचे नसतात; अधिक महिना आपल्या वर्षातच बसतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. या बारा वर्षांत असे चार आले. म्हणून माझ्या मोजणीत तुझी बारा वर्षं आश्विनात भरली. खरी भरायची होती ती या माघाच्या अखेरीस. अजून भरलेली नाहीत.

म्हणजे तुझं पत्र वेळेत आलं, मधू.

परशुरामभटांनी माझी मोजणी तपासली नाही. मास्तरांची आकडेमोड कोण तपासणार?

हरिहर

—

कल्याण, माघ वद्य तृतीया

मधू,

रखमाला कळलं. मी सांगितलं नाही. कसं कळलं ते ऐक.

दर महिन्याला तुझ्या तिथीला तुझं मासिक श्राद्ध असतं. या महिन्यात परशुरामभट दारात येऊन उभे राहिले, आणि मला पाटावर बसवेना. तुझं पत्र माझ्या पेटीत. तू तिकडे जेवत असशील, कुणाशी हुज्जत घालत असशील, आणि मी इथे तुझ्या नावाचा पिंड वळायचा! प्रकृती बरी नाही म्हणून भटजींना परत पाठवलं. मग पोटभर जेवलो, आणि तिथे चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी वहिनी आडावर पाण्याला गेली असताना रखमा माजघराच्या दाराआडून बोलली. तू गेल्यापासून ती माझ्याशी दाराआडूनच बोलते, तेही वर्षातून दोन-तीनदा.

“भावोजी, काल मासिक केलं नाहीत.”

“अंगात कसर होती.”

“दोनदा भात घेतलात.”

मी पेटीकडे पाहिलं.

“पत्र आलंय का?”

मी हो म्हटलं. ती म्हणाली, “वाचून दाखवा.” मी पेटी उघडून पत्र काढलं आणि पहिल्यापासून वाचलं. तुझा ताप, कारखाना, तिकडची डाळ महाग, आई कशी आहे, माझे रोमन लोक. शेवटची ओळ वाचली. ती म्हणाली, “माझं कुठं आलंय ते परत वाचा.” मी परत वाचलं. तीन शब्द आहेत, मधू. ‘रखमा कशी आहे?’ एवढंच. ते दोनदा वाचायला मला मुळीच वेळ लागला नाही.

आता तुला ती गोष्ट सांगतो, जी गेल्या पत्रातही मी गाळली. आश्विनात सगळं ठरत होतं तेव्हा ती अशीच दाराआडून म्हणाली होती, “भावोजी, चार महिने कमी पडतात. मी चार धोंड्याचे महिने केलेत.” अधिक महिन्याला आपल्या बायका धोंड्याचा महिना म्हणतात, तुला आठवत असेल. नवऱ्याच्या आयुष्यासाठी महिनाभर एकभुक्त राहतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. ते चारही तिनं तुझ्यासाठी केले होते. मला पंचांग बघावं लागतं. तिला लागत नव्हतं. आणि तिथे परशुरामभट, माझे मेहुणे, शेजारचे दोघे बसलेले असताना मी हसून म्हणालो की बायकांची आकडेमोड अनारशांपुरती ठीक. सगळे हसले. मग न्हाव्याला निरोप गेला.

मला माहीत होतं की तिचं बरोबर आहे. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि ती कुठल्याही रोमन माणसाच्या आड लपवता येत नाही.

पत्र ऐकून ती म्हणाली, “मग तेव्हा मी सवाष्ण होते.”

मी म्हटलं, हो.

“आजही आहे.”

मी म्हटलं, त्याला ब्रह्मवृंदाच्या सभेत निर्णय व्हावा लागेल. तो आला आणि विधी झाले, तर…

“ते येवोत न येवोत. मोजणी चुकली असेल तर जाळलं तेच खोटं. मग मी विधवा कशी? तुम्ही सभेत सांगा.”

“काय सांगू?”

“खरं.”

मधू, मी खरं सांगितलं तर ठाण्याचे व्याही म्हणतील की मुलीच्या लग्नासाठी यानं जिवंत भावाला जाळला. त्यात खोटं काय ते मलाही सांगता यायचं नाही. शेवंती अकराव्या वर्षात आहे. तिला त्या घरात राहायचं आहे. मी गप्प राहिलो तर चूक दैवाची ठरते, तू येऊन तुपाच्या घागरीतून निघालास की सगळं आपोआप जागेवर येतं. आणि तू न आलास, तर एकट्या रखमाचा तेवढा बळी जातो. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “शेवंतीला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. तिचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? पण माझे केस शेवंतीनं नाही कापले.”

सभा फाल्गुनात आहे. अजून माझं ठरलेलं नाही. तू असतास तर मला भित्रा म्हणाला असतास. वर्गात तुला मी काय काय म्हणालो होतो ते आठवून आज तुला तेवढी मुभा देतो.

हरिहर

—

कल्याण, फाल्गुन शुद्ध एकादशी

मधू,

सभा झाली. रामाच्या देवळात, दुपारी. वीस-बावीस मंडळी होती. ठाण्याहून व्याहीही आले होते; त्यांना कुणी कळवलं ते विचारलं नाही.

मी विषय मांडला तो असा: भावाचं पत्र आलं आहे, तो हयात आहे. एवढ्यावर मला थांबता आलं असतं. मंडळी थक्क झाली, दोघा-तिघांनी देवाला हात जोडले. परशुरामभटांनी पुढचे विधी सांगायला सुरुवातही केली. एक म्हातारे शास्त्री होते, त्यांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, “पण बारा वर्षं भरली होती ना?”

देवळाच्या मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. रखमा त्यांच्यात होती, डोक्यावरून पदर घेऊन. तिनं वर पाहिलं नाही. तिला काही बोलावं लागू नये असं मला तेव्हा फार वाटलं. एकदा बोलून तिनं पाहिलं होतंच.

मी म्हटलं, “नाही. चार महिने कमी होते. मला ते माहीत होतं.”

शास्त्र्यांना ऐकू गेलं नाही. ते मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

पुढे पुष्कळ बोलणं झालं, त्यातलं निम्मं माझ्याविषयी होतं. परशुरामभट म्हणाले, मास्तरांनी महिने सांगितले, मी मंत्र म्हटले. ते खरंच आहे. व्याही उठून गेले. नंतर त्यांचा निरोप आला, की शेवंती सुखात आहे, पण या वर्षी माहेरी पाठवणार नाहीत. तुझी वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. शाळेत मुलांपर्यंत पोचलं आहे. एकानं फळ्यावर माझं नाव लिहून पुढे सीझर असं लिहिलं होतं. मी ते पुसलं आणि धडा घेतला. पुस्तक तूर्त बाजूला ठेवलं आहे.

सभेचा निर्णय असा झाला: मुदतीपूर्वी केलेलं कर्म हे कर्मच नव्हे. मला प्रायश्चित्त दिलं आहे, ते मी करतो आहे. तू आलास तर समुद्र ओलांडल्याचं तेवढं प्रायश्चित्त तुला आहे. तूप, बारसं, मुंज काही नाही. रखमाला वैधव्य कधी नव्हतंच.

निर्णय ऐकून ती घरी आली, देवघरातल्या करंड्यातलं कुंकू घेतलं आणि आरशाशिवायच लावलं. जरा तिरकं लागलं. केस बोटाच्या एका पेराएवढे वाढलेत. दोन बायका हळदीकुंकवाला बोलवायला आल्या होत्या, दोन मुद्दाम आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, मधूला काय लिहू? या खेपेस ती दाराआड उभी नव्हती. माजघरात तांदूळ निवडत बसली होती, तिथूनच म्हणाली, “सांगते तसं लिहा.” मी कागद घेऊन बसलो. ती म्हणाली तेच, तसंच पुढे लिहितो:

“मी बरी आहे. बारा वर्षांनी हे विचारलंत, म्हणून सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मला सांगून गेला नाहीत. तुमची वाट बघायची हे सासूबाईंनी ठरवलं, वाट संपली हे भावोजींनी ठरवलं. तुम्ही परत यायचं ठरवताय, तेही भावोजींनाच विचारताय. मी इथं राहणार नाही. माझा भाऊ पंढरी मला न्यायला आलाय, मी खडवलीला जाते. तुम्हाला यायचं असेल तर तिकडे या. आल्यावर मला विचारा. मी काय म्हणेन ते मला अजून माहीत नाही.”

मी म्हटलं, शेवटचं वाक्य गाळू का? तो इतक्या लांबून बोटीचं भाडं भरून येणार. ती म्हणाली, “गाळायचं नाही.”

परवा सकाळी ती बैलगाडीतून गेली. एक गाठोडं, एक तांब्या, तिच्या माहेरचा पाटा. तुझी वहिनी तिला पोचवायला वेशीपर्यंत गेली आणि रडत परत आली. जाताना रखमा माझ्या पाया पडली. अखंड सौभाग्यवती म्हणणार होतो, ते म्हणवलं नाही. सुखी राहा म्हटलं.

खडवली कल्याणच्या पुढे आहे. नदी ओलांडून उजवीकडे पहिली वाडी, पंढरीचं घर कुणीही दाखवेल. बोट मुंबईला लागली की आधी इकडे यायची गरज नाही. मी तुझ्यासाठी काही बोलावं, तिची समजूत काढावी, असं तू मला लिहिशील, म्हणून आधीच सांगतो: ती किती दिवस विचार करेल, काय ठरवेल, हे मी तिला विचारणार नाही आणि तुला कळवणारही नाही. या खेपेस तिच्या वतीनं मी काही मोजणार नाही.

हरिहर